भिंतीला ओल, टाकीही लवकर उतरते: फोडाफोडीआधी गळती कुठे आहे ते कसं ठरवायचं?

ओली_भिंत

घरात पाण्याची गळती आहे हे नक्की, पण नेमकी कुठे ते ठरत नाहीये. गच्चीवर १००० लिटरची प्लॅस्टिकची उभी टाकी आहे. तिच्यातून उतरणारी एकच लाइन बाथरूम, संडास आणि स्वयंपाकघराला जाते. बाथरूममधले पाइप सीपीव्हीसीचे (गरम पाणीही झेलणारं कडक प्लॅस्टिक), भिंतीत गाडलेले. बाथरूमच्या पलीकडच्या खोलीत भिंतीला जमिनीपासून साधारण दोन फुटांवर ओलीचा डाग आहे. तो खाली स्कर्टिंगपर्यंत पसरलाय, वरच्या कडेला रंगाचे पोपडे सुटतायत. पाऊस नसतानाही डाग सुकत नाही. शिवाय कुणी वापरलेली नसताना फ्लशची टाकी मधूनच चार-पाच सेकंद भरल्याचा आवाज येतो, आणि बाथरूममधला मिक्सर थेंब थेंब गळतो.

एक प्लंबर म्हणतो, अख्ख्या भिंतीच्या टाइल्स काढून नवी लाइन टाकू. वॉटरप्रूफिंगवाले म्हणतात, पाइपचा संबंधच नाही, फरशीचे सांधे गेलेत, वरून कोटिंग मारू. तपासलं दोघांनीही काही नाही.

कुठल्या क्रमाने तपासावं? पुरवठ्याची लाइन, सांडपाण्याची लाइन आणि फरशीची झिरप यांतलं नक्की कोणतं, हे न फोडता कळतं का?

पाना_पक्कड

कळतं. दोघांनाही सध्या थांबवा. तुमच्याकडे एक गळती नसून दोन-तीन आहेत, आणि त्या वेगळ्या काढल्याशिवाय भिंतीला हात लावण्यात अर्थ नाही.

सुरुवात टाकीपासून. रात्री पाण्याचा वापर संपला की टाकी भरणारा पाइप वरच्या व्हॉल्व्हने बंद करा. बॉल कॉकच्या (टाकी भरली की पाणी अडवणारा तरंगत्या गोळ्याचा नळ) भरवशावर राहू नका, तो रात्रभर हळूहळू भरत राहिला तर मोजमाप खोटं येतं. टाकीत स्टीलची पट्टी उभी धरून पातळी मिलिमीटरमध्ये लिहून ठेवा. पट्टी दर वेळी त्याच जागी टेकवायची. घरातले सगळे नळ बंद, गीझरचं बटण बंद, वॉशिंग मशीन बंद. सकाळी कुणी तोंड धुवायच्या आधी पुन्हा मोजा.

हिशेब असा. १.१ मीटर व्यासाच्या गोल टाकीत एक सेंटिमीटर म्हणजे साधारण ९.५ लिटर. तुमच्या टाकीचा व्यास वेगळा असेल तर त्रिज्या मीटरमध्ये घेऊन तिचा वर्ग करा आणि ३१.४ ने गुणा, एका सेंटिमीटरचे लिटर मिळतील.

आता हीच चाचणी तुकड्यातुकड्याने करायची:

पहिल्या रात्री टाकीखालचा मुख्य व्हॉल्व्ह बंद. तरीही पातळी उतरली तर टाकी, टाकीचा निपल (टाकीतून पाइप निघतो तो जोड) किंवा तो व्हॉल्व्ह स्वतःच दोषी. जुने गेट व्हॉल्व्ह बंद करूनही पाणी सोडतात, दट्ट्याखाली गाळ बसलेला असतो. व्हॉल्व्ह बंद करून खालचा एखादा नळ उघडा ठेवला आणि पाइप रिकामा झाल्यावरही धार किंवा थेंब चालू राहिले, तर व्हॉल्व्ह धरत नाही. तो आधी बदला, बॉल व्हॉल्व्ह लावा. नाहीतर पुढच्या सगळ्या चाचण्या वाया जातील.

दुसऱ्या रात्री मुख्य व्हॉल्व्ह उघडा, बाकी सगळं बंद. हा एकूण गळतीचा आकडा.

तिसऱ्या रात्री फ्लशच्या टाकीचा अँगल कॉकही (भिंतीतून येणारं पाणी बंद करायचा छोटा नळ) बंद. जेवढा फरक पडला तेवढं पाणी फ्लश खात होता.

चौथ्या रात्री त्यासोबत गीझरच्या इनलेटचा अँगल कॉक बंद. इथे गळती थांबली तर ती गरम लाइनमध्ये, गीझरमध्ये किंवा गरम बाजूच्या नळात. थांबली नाही तर थंड लाइनमध्ये. गीझरचं बटण बंद असल्याशिवाय हा कॉक बंद करू नका.

गरम लाइनबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. गीझर बंद म्हणजे गरम लाइन बंद, असं नाही. टाकीचा दाब गीझरमधून पुढे गरम पाइपात चोवीस तास असतो, पाणी गार असलं तरी. त्यामुळे ‘गीझर तर आम्ही सकाळीच लावतो’ म्हणून गरम लाइन निर्दोष ठरत नाही.

टाकी नसून थेट मीटरवरून पाणी येत असेल तर हेच काम मीटर करतो. बहुतेक मीटरच्या तबकडीवर लहानसं त्रिकोणी किंवा चांदणीसारखं चक्र असतं. सगळं बंद असताना ते फिरत असेल तर गळती मीटरच्या पुढे आहे. एक-एक कॉक बंद करत जा, ज्याने चक्र थांबेल ती शाखा. फारच बारीक गळतीत चक्र हलताना दिसत नाही, मग दोन तासांच्या अंतराने आकडा बघायचा. टाकी असलेल्या घरात मात्र मीटर फक्त टाकीपर्यंतचीच लाइन दाखवतो, तुमच्या भिंतीबद्दल तो काहीच सांगणार नाही.

थेंबमोजे

पाना_पक्कड यांचा क्रम बरोबर आहे, पण तिसऱ्या रात्रीपर्यंत थांबायची गरज नाही. ‘मधूनच चार-पाच सेकंद भरते’ हे वाक्य पुरेसं आहे, फ्लश व्हॉल्व्ह गळतोय. पाणी हळूहळू कमोडमध्ये जातं, पातळी ठरावीक खाली आली की फ्लोट पडतो आणि फिल व्हॉल्व्ह थोडा वेळ उघडतो.

खात्री करायची तर फ्लशच्या टाकीत खाण्याचा रंग घाला, दहा-बारा थेंब. अर्धा तास फ्लश करू नका. कमोडच्या पाण्यात रंग उतरला की झालं. पण त्याहून जास्त सांगणारी चाचणी पेन्सिलची. टाकीच्या आतल्या भिंतीवर पातळीची रेघ मारा, अँगल कॉक बंद करा आणि एक-दोन तासांनी बघा. पातळी उतरली तर तळाचं सील पाणी सोडतंय. पातळी जागची हलली नाही, पण कॉक उघडला की कमोडमध्ये बारीक ओघळ दिसतो, तर फिल व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि पाणी ओव्हरफ्लोच्या नळीतून जातंय. कॉक उघडा असताना पाण्याची पातळी त्या नळीच्या तोंडापासून दोन-अडीच सेंटिमीटर खाली हवी. वर असेल तर फ्लोटचा स्क्रू फिरवून खाली आणा.

सील बदलायचं काम सोपं आहे. दोन बटणांच्या फ्लशमध्ये मधला नळकांड्यासारखा भाग बहुतेक वेळा पाव फेरी फिरवून वर निघतो, त्याच्या बुडाशी चपटी सिलिकॉनची चकती असते. ती काढून उलटी करून बसवल्यावरही कधी कधी काम भागतं, पण ते तात्पुरतं. खरी चकती जुनी सोबत नेऊनच आणा, बाहेरचा आणि आतला असे दोन्ही व्यास जुळले पाहिजेत. नवी घालण्याआधी ती जिथे टेकते ती कड बोटाने चाचपा. क्षाराचा खरखरीतपणा लागला तर व्हिनेगरमध्ये भिजवलेल्या कापडाने पुसून काढा. हे न केल्यामुळेच ‘नवं सील घातलं तरी गळतंय’ अशा तक्रारी येतात. फ्लशच्या टाकीत क्लोरीनच्या गोळ्या टाकायची सवय असेल तर बंद करा, त्यांनी रबर कडक होऊन चिरतं.

मिक्सरच्या थेंबांचंही मोजमाप घ्या. खाली मापाचा पेला ठेवून दहा मिनिटांत किती मिलिलिटर जमतात ते बघा आणि १४४ ने गुणा. दहा मिनिटांत १०० मिलिलिटर म्हणजे दिवसाला १४.४ लिटर. टाकीच्या आकड्यातून हे वजा करावं लागेल, नाहीतर भिंतीतली गळती आहे त्याहून मोठी वाटेल. कुठेही टिपलेला थेंब ‘एवढासाच’ म्हणून सोडू नका, आधी मोजा.

वाळू_सिमेंट

मी बांधकामाच्या बाजूने लिहितो. टाकीच्या चाचणीत फक्त कायम दाबाखाली असलेली लाइन पकडली जाते. तीन गोष्टी तिच्यात दिसतच नाहीत: सांडपाण्याचे पाइप, फरशी आणि टाइल्सचे सांधे, आणि मिक्सरपासून शॉवरकडे वर जाणारा पाइप. हा शेवटचा सगळे विसरतात. त्यात पाणी फक्त शॉवर चालू असतानाच असतं. शॉवरचं डोकं काढून तिथे अर्धा इंची एंड प्लग लावा, मिक्सर शॉवरकडे उघडा ठेवा आणि मग रात्रीची चाचणी घ्या, म्हणजे तोही दाबाखाली येतो.

डाग काय सांगतो ते बघू. पुरवठ्याची गळती दिवसरात्र सारखी असते, डाग कायम ओला आणि कडा हळूहळू पसरणाऱ्या. सांडपाण्याची किंवा फरशीची असेल तर डाग आंघोळीनंतर काही तासांनी गडद होतो आणि बाथरूम दोन दिवस बंद ठेवलं की फिकटतो. जमिनीतून चढणारी ओल खालून वर जाते, सहसा मीटरभर उंचीच्या आत थांबते आणि वरच्या कडेला लोणा धरते, म्हणजे पांढरी भुकटी. तुमचा डाग दोन फुटांवर सुरू होऊन खाली उतरतोय, म्हणजे उगम त्या उंचीच्या आसपास किंवा त्याच्या वर. पण डागाच्या नेमकं मागे छिद्र असेल असं समजू नका. पाणी पाइपच्या बाजूने, चर भरताना राहिलेल्या पोकळीतून तिरपं वाहत जातं आणि जिथे प्लास्टर भुसभुशीत असेल तिथे बाहेर फुटतं.

हवेतली आर्द्रता गार भिंतीवर जमते, तीही कधी ओलीसारखीच दिसते. फूटभर लांबी-रुंदीचा प्लॅस्टिकचा तुकडा डागावर चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून हवाबंद करा आणि एक-दोन दिवस ठेवा. खोलीकडच्या बाजूला दव जमलं तर हवेतलं, भिंतीकडच्या बाजूला जमलं तर आतलं. पोपडे सुटलेत तिथे आधी खरवडून घ्या, पट्टी चिकटली पाहिजे.

फरशीसाठी पाणी साठवण्याची चाचणी. नहाणी ट्रॅपच्या (फरशीतलं पाणी जातं त्या जाळीखालच्या भांड्याच्या) तोंडात टेस्ट प्लग किंवा जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला कपड्याचा बोळा घट्ट बसवा. फरशीवर तीन-चार सेंटिमीटर पाणी उभं करा, उंबरठ्यापेक्षा खालीच. भिंतीवर दोन-तीन ठिकाणी पेन्सिलने रेघा. शेजारी पाण्याने भरलेली बादली ठेवा आणि तिच्यावरही रेघ मारा. चोवीस तासांनी दोन्हीकडे किती मिलिमीटर उतरलं ते बघा. बादलीत जेवढं उतरलं तेवढं वाफेने गेलं, फरशीवर त्याहून जास्त उतरलं तर झिरप आहे. बादली न ठेवता केलेल्या चाचणीवरून कोटिंग विकणारे पुष्कळ भेटतील.

हे पाणी नुसतंच सोडून देऊ नका, त्यातूनही एक चाचणी होते. बोळा काढून पूर्ण लोट ट्रॅपमध्ये जाऊ द्या आणि पुढचे काही तास डागावर आणि खालच्या छतावर लक्ष ठेवा. साठलेलं असताना काही नाही, पण सोडल्यावर ओल वाढली, तर दोष ट्रॅपखालच्या जोडात किंवा पुढच्या पाइपात.

ओली_भिंत

सगळ्यांचे आभार. आकडे असे आले, प्रत्येक वेळी आठ तासांच्या अंतराने. टाकीचा व्यास १.१ मीटरच आहे, आणि मिक्सर बंद असताना थेंब येऊ नयेत म्हणून त्याच्या तोंडाला प्लग लावला होता.

मुख्य व्हॉल्व्ह बंद: ०. सगळं बंद, मुख्य उघडा: १४ मिमी. फ्लशचा कॉकही बंद: ९ मिमी. गीझरचा इनलेटही बंद: ०. शॉवरच्या जागी एंड प्लग लावून पुन्हा तिसरी चाचणी: ९ मिमीच. फरशीवरचं पाणी आणि बादली दोन्ही सारखेच उतरले, सोडल्यावरही डाग बदलला नाही.

म्हणजे गरम लाइन. पण ती गीझरपासून मिक्सरपर्यंत भिंतीत आहे आणि तिथून पुढे बेसिनलाही जाते. आता नेमकी जागा कशी शोधायची? आणि गीझर तापत असताना त्याच्या खालच्या व्हॉल्व्हमधून थेंब पडतात, तीच गळती असेल का?

थेंबमोजे

फरक ५ मिमी म्हणजे आठ तासांत पावणेपाच लिटर एकटा फ्लश. भिंतीतले साडेआठ, म्हणजे तासाला लिटरभर. एवढ्याने डाग नक्कीच ओला राहील.

गीझरच्या व्हॉल्व्हबद्दल. पाणी २० वरून ६० अंशांपर्यंत तापलं की सुमारे दीड टक्का फुगतं. १५ लिटरच्या गीझरमध्ये पाव लिटरच्या आसपास. इनलेटला नॉन रिटर्न व्हॉल्व्ह असेल तर हे जास्तीचं पाणी मागे जाऊ शकत नाही, सेफ्टी व्हॉल्व्हमधूनच बाहेर येतं. तापताना थेंब पडून गार झाल्यावर थांबत असतील तर तो व्हॉल्व्ह आपलं काम करतोय. त्याचं तोंड कधीही बुजवू नका, गीझरची टाकी फुटू शकते. एक पातळ नळी लावून ट्रॅपकडे सोडा. गीझर गार असतानाही सतत गळत असेल तर मात्र व्हॉल्व्ह बदला, आणि गीझरच्या अंगातूनच पाणी झिरपत असेल तर आतली टाकी गेली, डागडुजी करत बसू नका.

तुमच्या चाचण्या गीझर बंद ठेवून झाल्यात, म्हणून तो साडेआठ लिटरांचा धनी नाही.

पाना_पक्कड

आकडे स्वच्छ आहेत. चौथ्या चाचणीत शून्य आलं याचा आणखी एक अर्थ: मिक्सरमधून थंड पाणी गरम बाजूला शिरत नाहीये. कार्ट्रिज (मिक्सरच्या आतला पाणी चालू-बंद करणारा भाग) आतून खराब असेल तर गीझरचा कॉक बंद करूनही गळती थंड बाजूने चालू राहते आणि माणूस चुकीची लाइन फोडतो.

आता फोडण्याआधी फुकटातली तपासणी. मिक्सर आणि भिंत यांच्या मधल्या गोल चकत्या पुढे सरकवा. मागे मिक्सरचा पाय भिंतीतल्या पितळी आट्याच्या एल्बोत (काटकोनी जोडात) गेलेला दिसेल. ती जागा कापडाने कोरडी करा, टिश्यू पेपरची वळी करून आट्याभोवती घट्ट गुंडाळा आणि तासभर थांबा. खालून ओली झाली तर गळती आट्यांत आहे, टाइल न फोडता मिक्सर काढून पुन्हा बसवून काम होईल. भिंतीतल्या बऱ्याच गळत्या इथेच निघतात, कारण पाणी चकतीमागून बाहेर न येता आत प्लास्टरमध्ये जातं. गीझरच्या आणि बेसिनच्या पॉइंटलाही हेच करा.

ते कोरडं निघालं तर दाबाची चाचणी. गरम लाइनची सगळी टोकं मोकळी करा: गीझरचा आउटलेट, मिक्सरचा गरम पाय, बेसिनचा अँगल कॉक. एका टोकाला गेज असलेला हाताचा टेस्ट पंप, बाकीच्यांना एंड प्लग. लाइन पाण्याने पूर्ण भरून हवा काढा. ५ बारपर्यंत न्या. पहिल्या दहा मिनिटांत काटा थोडा खाली येतो, उरलेली हवा आणि पाइपचा ताण. पुन्हा ५ वर आणा आणि अर्धा तास बघा. तासाला लिटरभर गळणारी लाइन काही मिनिटांतच बसेल, शंका राहणार नाही.

मग लाइन दोन तुकड्यांत तपासता येते का बघा. मिक्सरच्या पॉइंटवर टी असेल तर नाही, पण पाइप मिक्सरवरून वेगळा फुटून बेसिनला बाहेरून गेला असेल तर होतं.

दाब चढवल्याचा दुसरा फायदा आवाजाचा. टाकी आठ मीटर उंच असेल तर लाइनमध्ये जेमतेम ०.८ बार असतो, एवढ्याशा दाबावर बारीक छिद्र आवाज करत नाही. ५ बारवर करतं. रात्री पंखे, फ्रिज बंद करून लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक टाइलवर आणि मूठ कानामागच्या हाडावर टेकवा, पाइपच्या रेषेवर वीतभर अंतराने पुढे सरका. फुसफुस जिथे सगळ्यात तीक्ष्ण तिथे खूण करा. दाब सोडला की आवाज गेला पाहिजे, नाहीतर तुम्ही शेजारच्यांचा पाइप ऐकताय.

उष्णता दाखवणारा कॅमेरा भाड्याने मिळत असेल तर गरम लाइनसाठी उत्तम. भिंत गार असताना गीझर तापवून बेसिनचा गरम नळ दोन मिनिटं सोडा आणि बंद करा. पाइपची रेघ उमटते आणि गळतीपाशी ती पसरट होऊन खाली ओघळते. तो कॅमेरा भिंतीच्या आतलं मात्र बघत नाही, पृष्ठभागाचं तापमान तेवढं बघतो. थंड लाइनला फारसा उपयोग नाही.

पाइपाची_गोष्ट

५ बार कमी वाटतो. नवीन कामात आम्ही १० पर्यंत नेतो. आणि पंप नसेल तर कॉम्प्रेसरने हवा भरूनही कळतं, साबणाचं पाणी लावायचं.

पाना_पक्कड

नवीन उघड्या लाइनला १० ठीक. जुन्या, भिंतीत गाडलेल्या लाइनला त्याने एका गळतीच्या दोन होतात, आणि गीझर, फ्लश किंवा लवचीक कनेक्शन पाइप चुकून जोडलेला राहिला तर तोही जाईल. आपल्याला इथे लाइनला प्रमाणपत्र द्यायचं नाही, छिद्र शोधायचंय.

हवेचं मात्र अजिबात नको. सीपीव्हीसी आणि यूपीव्हीसी (थंड पाण्याच्या पाइपचं कडक प्लॅस्टिक) हवेच्या दाबाखाली फुटले तर काचेसारखे तुकडे उडतात. पाणी दाबलं जात नाही, फट पडली की दाब लगेच उतरतो, हवा तशी नाही. भिंतीत गाडलेल्या पाइपाला साबणाचं पाणी लावणार तरी कुठे?

ओली_भिंत

चकतीमागे टिश्यू कोरडा. दाब चढवल्यावर काटा भराभर उतरला आणि आवाज मिक्सरच्या गरम पायाच्या डाव्या बाजूला, एल्बोच्या जरा मागे. दोन टाइल्स काढल्यावर पाइप जिथे एल्बोत शिरतो तिथून पाणी येताना दिसतंय. एपॉक्सी पुट्टी लावून चालेल का? की कापावंच लागेल?

टेफ्लॉन_पट्टी

कापावं लागेल. पुट्टी, रबराची पट्टी आणि क्लॅम्प, चिकट टेप, हे सगळं उघड्या पाइपावर दुकान उघडेपर्यंत ठीक. भिंतीत बुजवायच्या जोडावर नाही, आणि गरम लाइनवर तर नाहीच. पुट्टी कोरड्या, खरवडलेल्या आणि दाब नसलेल्या पाइपावरच धरते. पाणी चालू असताना वरून चोपडलेली पुट्टी ही सजावट.

आधी कारण बघा, नाहीतर तेच पुन्हा होईल. सॉकेटमधून पाणी म्हणजे जोडणारं सॉल्व्हंट कमी पडलं, पाइप पूर्ण आत गेला नव्हता, किंवा पाइपला हलायला जागा नव्हती. सीपीव्हीसी तापल्यावर बऱ्यापैकी वाढतो: तीन मीटरचा तुकडा ४० अंशांच्या फरकाने सुमारे ७ मिलिमीटर. सिमेंटात घट्ट जखडला की तो ताण एल्बोवर येतो, रोज. कापल्यावर जुना एल्बो उभा चिरून बघा, पाइप किती आत होता त्याची खूण आतच असते.

दुरुस्ती. एल्बोच्या मागे पाइप कमीत कमी १२ ते १५ सेंटिमीटर मोकळा करा, नवा जोड घालताना पाइप थोडा वाकला पाहिजे. तेवढी जागा नसेल तर चर वाढवा, दोन जोडांच्या हट्टाने अर्धवट शिरलेला पाइप नको. युनियन (पिळून उघडता येणारा जोड) भिंतीत गाडू नका, तिच्या आत रबर असतं.

लाइन खालच्या नळातून पूर्ण रिकामी करा. टोकाशी एक थेंब जरी येत राहिला तरी सॉल्व्हंट धरत नाही, आणि याच एका गोष्टीवर घरगुती जोड सगळ्यात जास्त फसतात. पाइप काटकोनात कापा, आतली-बाहेरची कुसं सुरीने काढा. आधी कोरडं बसवून बघा: पाइप सॉकेटच्या एक तृतीयांश ते दोन तृतीयांश खोलीवर घट्ट व्हायला हवा. सैल पडून तळाला टेकला तर तो एल्बो परत करा. दिशा ठरवून पाइप आणि एल्बोवर आडवी रेघ मारून ठेवा, सॉल्व्हंट लागल्यावर विचार करायला वेळ नसतो.

सॉल्व्हंट सीपीव्हीसीचंच, यूपीव्हीसीचं नाही. डबा उघडल्यावर दाटसर, मधासारखं वाहायला हवं. जेलीसारखं झालं असेल तर फेका, पातळ करून वापरू नका. पाइपवर सढळ हाताने, सॉकेटमध्ये पातळसर. सॉकेटमध्ये जास्त झालं तर आत थर जमून वाट अरुंद होते. लगेच पाव फेरी फिरवत तळापर्यंत ढकला आणि तीस सेकंद धरून ठेवा, नाहीतर निमुळता सॉकेट पाइपला बाहेर लोटतो. सगळीकडून बारीक सलग कड दिसली पाहिजे. किती वेळात दाब द्यायचा ते डब्यावर तापमानानुसार लिहिलेलं असतं. गरम लाइनला मी तरी पूर्ण एक दिवस सोडा म्हणेन.

पितळी आट्यांबाबत. एल्बोचा पितळी भाग प्लॅस्टिकमध्ये बसवलेला असतो. मिक्सरचा पाय पाइप पान्याने पिळून घट्ट केला की पितळ प्लॅस्टिकमध्ये फिरतं किंवा प्लॅस्टिक चिरतं, आणि ती चीर काही महिन्यांनी गळायला लागते. टेफ्लॉन टेप आट्यांच्या टोकाकडून बघितल्यावर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, ताणून, आट्यांत रुतेल अशी. पहिला आटा मोकळा. साध्या पातळ टेपचे आठ ते बारा फेरे. हाताने बसेल तितकं बसवा, मग पान्याने एक ते दीड फेरी, बस. दिशा जुळवायला एकदा घट्ट केलेलं मागे फिरवलं तर टेप काढून नव्याने गुंडाळायची. सूत आणि सफेदा (आट्यांवर गुंडाळायचा धागा आणि त्यावरची पेस्ट) लोखंडी पाइपाला ठीक, इथे नको. सूत भिजून फुगतं आणि प्लॅस्टिकचा आटा फाकवतं. आणि कनेक्शन पाइपच्या नटाला टेप लावायची गरजच नाही, तिथे पाणी वॉशर अडवतो, आटा नाही. तो नट गळत असेल तर वॉशर बदला.

ज्यांच्याकडे पीपीआर (तापवून वितळवून जोडायचे प्लॅस्टिकचे पाइप) आहे त्यांनी वरचं सॉल्व्हंट प्रकरण विसरा, त्याला काहीच चिकटत नाही. २६० अंशांचं वेल्डिंग मशीन, २० मिमीच्या पाइपाला ५ सेकंद, २५ ला ७, ३२ ला ८. जोडल्यावर फिरवायचं नाही. प्लॅस्टिकच्या पाण्याच्या टाकीचंही तसंच, चीर पडली तर ती वेल्डच करावी लागते. एपॉक्सी महिन्या-दोन महिन्यांत सोलून येतं.

थेंबमोजे

भिंत उघडी आहे तोवर मिक्सरचं कार्ट्रिजही बदलून घ्या. एका दांडीचा असेल तर ३५ किंवा ४० मिमीचं असतं. ट्रॅपवर आधी कापड टाका, दांडीचा बारीक स्क्रू हमखास तिथेच जातो. दांडीची टोपी, स्क्रू, घुमटी आणि मग पितळी नट. जुनं कार्ट्रिज दुकानात न्या, बुडाच्या दोन खुंट्यांची जागा सारखी हवी. बसण्याची जागा बोटाने पुसा, वाळूचा एक कण जरी राहिला तरी नव्यातूनही थेंब येतो. दोन चाव्यांचा जुन्या पद्धतीचा मिक्सर असेल तर अर्धा इंची वॉशर बदला. नवीन वॉशरही आठवड्यात कापला गेला तर आतली पितळी सीट खरखरीत झालीय, ती सीट कटरने घासून सपाट करावी लागते. जास्त जोरात पिळून बंद करणं हा त्यावर उपाय नाही, त्यानेच सीट जाते.

वाळू_सिमेंट

एक दिवसानंतर पुन्हा ५ बार, तासभर. काटा थांबला, की गीझर जोडून गरम पाणी दोन-तीनदा सोडा, गार होऊ द्या, आणि जोडाला टिश्यू लावून बघा. गरम-गार झाल्यावरच खरा जोड कळतो. मग टाकीची रात्रीची चाचणी, शून्य आलं पाहिजे. हे होईपर्यंत गवंडी बोलावू नका.

चर बुजवताना गरम पाइपावर पातळ फोमची नळी किंवा निदान दोन वेढे नालीदार कागदाचे द्या, एल्बोच्या वळणापाशी जरा जास्त. पाइप सिमेंटात मोकळा राहायला हवा, आणि पितळी एल्बो मात्र मसाल्यात पक्का, म्हणजे मिक्सर बसवताना तो फिरणार नाही.

पलीकडच्या खोलीत रंगाची घाई नको. सुटलेलं प्लास्टर विटेपर्यंत खरवडा, लोणा कोरड्या ब्रशने झाडून काढा. पाण्याने धुतलात तर क्षार परत आत जातील. इंचभर जाडीला सुकायला महिनाभर असा ढोबळ हिशेब धरा, भिंत एकाच बाजूने सुकणार असेल तर त्याहून जास्त. मधल्या काळात वॉटरप्रूफ पुट्टी किंवा ऑइल पेंट मारलात तर आतलं पाणी बाहेर पडायला वाट राहत नाही आणि पोपडे थोडे वर सरकून तसेच सुटतात. प्लॅस्टिकच्या तुकड्याची चाचणी पुन्हा घ्या, भिंतीकडची बाजू कोरडी आली की प्लास्टर.

मिक्सरच्या चकतीमागे सिलिकॉन भराल तेव्हा वरून आणि दोन्ही बाजूंनी भरा, खालची कड मोकळी सोडा. पुढे कधी आत पाणी आलंच तर ते भिंतीत न मुरता तिथून बाहेर टपकेल.